व्हेंटिलेटर नाकारला, म्हणजे बाबांना मारलं का?

पत्र

ताई,

मी वसईजवळच्या एका गावातली, वय ४९. फेब्रुवारीत माझे बाबा गेले, ८१ वर्षांचे होते. जन्मभर वाडी केली, बिडी सुटली ती फार उशिरा. शेवटची चार वर्षं सीओपीडीने, म्हणजे दम्यासारख्या जुनाट आजाराने, फुप्फुसं गेलेली, दीड वर्ष घरात ऑक्सिजनचं मशीन. एका वर्षात तीनदा आयसीयू झालं. तिसऱ्यांदा घरी आल्यावर त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "आता परत नळ्या नको. माझ्या खाटेवर जाऊ द्या मला."

चौथ्या वेळी ते गुंगीतच होते. डॉक्टर म्हणाले, व्हेंटिलेटर लावता येईल, पण त्यावरून ते परत येतील असं वाटत नाही, पुढे गळ्याला भोक पाडावं लागेल. डॉक्टरांच्या दोन पथकांनी तपासून तसं लिहून दिलं. भाऊ कुवेतला. फोनवर म्हणाला, "तू ठरव." मी "नको" म्हणून सही केली. बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा, मास्क त्यांना सोसवत नव्हता, तोही काढला. साधा ऑक्सिजन चालू ठेवून घरी आणलं. धाप कमी व्हावी म्हणून मॉर्फिन द्यायला मी होकार दिला. फादरांनी येऊन रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून देतात तो संस्कार, दिला. पहिल्या दिवशी बाबांनी दोन चमचे पेज घेतली, मग गिळता येईना. नाकातून नळी घातली तर त्रासच होईल, छातीत जाईल, असं नर्स म्हणाली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर आत्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या भावाचा श्वास तोडून मारलंत तुम्ही. मोठं पाप आहे हे." भाऊ म्हणतो, "हेतू चांगला होता ना, मग कसलं पाप?" मला मात्र झोप नाही. एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या रात्री बिलाचा विचारही माझ्या मनात आला होता. आणि मी देवाला म्हटलं होतं, आता यांना घेऊन जा. तेव्हापासून मिस्सेला जाते, पण कम्युनियन, मिस्सेतली ती पवित्र भाकर, घेत नाही. मी खून केला का? फादरांपुढे पाप कबूल केल्याशिवाय, कुमसार केल्याशिवाय, मला कम्युनियन घेता येईल का?

एक मुलगी

उत्तर

प्रिय मुली,

आधी उत्तर देते, कारण तुम्ही त्यासाठी बरेच महिने थांबला आहात. नाही. तुम्ही बाबांना मारलं नाही. खून तर नाहीच, पण पत्रात लिहिलेल्या एकाही गोष्टीत मला मोठं पाप दिसत नाही.

पण नुसत्या "नाही"ने तुम्हाला झोप लागणार नाही, हे मला कळतं. भावानेही "नाही"च म्हटलं, तरी तुम्ही जाग्याच आहात. म्हणून नाही का म्हणते, ते नीट सांगते.

मी २६ वर्षं आमच्या धर्मग्रामात पहिल्या कम्युनियनच्या मुलांना धर्मशिक्षण दिलं. पाचवी आज्ञा आली की फळ्यावर लिहायचे, "खून करू नको." मुलं वहीत उतरवायची आणि आम्ही सहाव्या आज्ञेकडे वळायचो. दृढीकरणाच्या संस्कारानंतर बहुतेकांचं धर्मशिक्षण थांबतं. मग तीच मुलं पन्नाशीला येऊन आयसीयूच्या दाराबाहेर उभी राहतात, हातात कागद आणि पेन, आणि सोबत चौथीच्या वहीतली ती एक ओळ. तुमचं पत्र वाचताना मला माझा तो फळा दिसला. मी शिकवताना जे सोडून दिलं होतं, ते निदान आता सांगते.

भावापासून सुरुवात करू. त्याचं मन तुमच्या बाजूने आहे, पण त्याचं म्हणणं कॅथलिक शिकवणीत बसत नाही, आणि ते तुमच्या कामालाही येणार नाही. एखादी कृती चांगली की वाईट हे ठरवताना ख्रिस्तसभा, म्हणजे आपलं चर्च, तीन गोष्टी पाहते: प्रत्यक्षात केलं काय, कशासाठी केलं, आणि कोणत्या परिस्थितीत केलं. तिन्ही चांगल्या असल्या तर कृती चांगली. हेतू सोन्यासारखा असला तरी केलेली गोष्टच मुळात वाईट असेल, तर हेतू तिला धुऊन काढत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कुणी आपल्या अक्षरशत्रू मावशीचा अंगठा घेऊन सातबाऱ्यावरचा तिचा तुकडा विकला, आणि त्या पैशात मुलीची कॉलेजची फी भरली. मुलीला शिकवायचं हा हेतू चांगलाच. पण केली ती चोरी. मावशी विधवा असेल, दुसरा आधार नसेल, तर परिस्थितीने ती चोरी आणखी जड होते. नुसत्या हेतूवर सगळं सोडलं, तर "त्यांचे हाल बघवत नव्हते" म्हणून जीव घेणारं इंजेक्शन देणाराही सुटेल. त्याला ख्रिस्तसभा कधीच हो म्हणत नाही. म्हणून "हेतू चांगला होता" एवढ्यावर तुमचं मन शांत झालं नाही, यात तुमच्या मनाचं काही चुकलं नाही.

मग पहिलाच प्रश्न विचारू. त्या रात्री तुम्ही केलंत काय?

आत्या म्हणते, श्वास तोडला. तुम्ही श्वास तोडला नाही. श्वास फुप्फुसांच्या आजाराने तुटत आला होता, चार वर्षं तुटतच होता. तुम्ही एक उपचार नाकारला. मात्र इथेही घाई नको, कारण काही न करूनही माणूस मारता येतो. मधुमेही वडिलांचं इन्सुलिन जमिनीच्या लोभाने बंद करणारा मुलगा "मी तर हातही लावला नाही" म्हणून सुटत नाही. म्हणून खरा प्रश्न असा आहे: तो व्हेंटिलेटर लावणं हे तुमचं कर्तव्य होतं का?

या प्रश्नावर कॅथलिक विचारवंत चारशे-पाचशे वर्षं बोलत आले आहेत. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांकाला शिकवणारे डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांच्यापुढे प्रश्न होता, जीव राखण्याचं बंधन कुठवर? त्यांचं म्हणणं असं होतं की डॉक्टरांनी कोंबडी आणि तितर खायला सांगितले, तरी आजाऱ्याने ते खाल्लेच पाहिजेत असं नाही. त्याने साधं अन्न घेतलं तरी तो जीव टाकून दिल्याचा दोषी होत नाही. त्यांच्यानंतरचे कार्डिनल दे लुगो यांचं एक उदाहरण तर मी विसरूच शकत नाही. माणूस आगीत चहूबाजूंनी वेढला गेला आहे. जवळ थोडंसं पाणी आहे. त्या पाण्याने आग विझत नाही, जळणं फक्त थोडं लांबतं. त्याने ते पाणी ओतलंच पाहिजे का? दे लुगो म्हणतात, नाही. तुमच्या बाबांच्या चौथ्या आयसीयूबद्दल वाचताना मला त्याच पाण्याची आठवण झाली.

यातूनच साधारण उपाय आणि असाधारण उपाय असा भेद रुजला. साधारण उपाय करणं बंधनकारक, असाधारण उपाय ऐच्छिक. पण इथे लोकांची नेहमी गफलत होते. साधारण म्हणजे हॉस्पिटलात सहज मिळणारा, आणि असाधारण म्हणजे मोठं यंत्र, असं नाही. हा भेद यंत्राचा नाही, त्या आजाऱ्यापुरता आहे. वाडीत काम करताना तीस वर्षांच्या माणसाला मण्यार चावली, श्वासाचे स्नायू लुळे पडले, तर व्हेंटिलेटर लावायलाच हवा. काही दिवसांनी विष उतरतं, माणूस उठून घरी जातो. त्याला व्हेंटिलेटर नाकारणं हे गंभीर पाप होईल. तेच यंत्र तुमच्या बाबांना मात्र फक्त जळणं लांबवणारं पाणी होतं. फुप्फुसं परत येणार नव्हती. गळ्याला भोक, बांधलेले हात, बोलणं बंद, आणि शेवटी तिथेच मरण.

आत्याला हे सगळं आजकालचं खूळ वाटत असेल तर तिला सांगा, १९५७ साली पोप बारावे पायस यांच्यासमोर नेमका हाच प्रश्न आला होता. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या एका भूलतज्ज्ञाने विचारलं होतं की बेशुद्ध, आशा संपलेल्या रुग्णाला कृत्रिम श्वासाचं यंत्र लावलंच पाहिजे का, आणि लावलेलं काढता येतं का. तेव्हा ही यंत्रं नुकती रुळत होती. पोपनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांसमोर उत्तर दिलं: स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड ओझं न टाकणारे उपाय करण्याचंच बंधन माणसावर असतं, आणि हे यंत्र त्याच्या पलीकडे जात असल्याने ते वापरणं बंधनकारक नाही. घरच्यांना ते थांबवण्याची मागणी करता येते, आणि डॉक्टरांना ती मान्य करता येते. म्हणजे तुमचा मास्क काढण्याचा प्रश्नही त्यातच सुटतो. उपाय ओझं झाला असेल तर सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं, दोन्ही एकाच मापाने मोजले जातात.

कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, परिच्छेद २२७८ मध्ये हे थोडक्यात आलं आहे. जड, धोक्याचे किंवा अपेक्षित परिणामाच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणं योग्य असू शकतं. त्यात मरण आणण्याची इच्छा नसते, आपण मरण अडवू शकत नाही हे फक्त स्वीकारलेलं असतं. त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्यासाठी मोलाची आहे. निर्णय शक्यतो रुग्णाने घ्यावा. त्याला जमत नसेल तर ज्यांना कायद्याने तो अधिकार आहे त्यांनी घ्यावा, आणि रुग्णाची रास्त इच्छा जपावी. "माझ्या खाटेवर जाऊ द्या मला," हे बाबांनी शुद्धीत असताना सांगितलं होतं. तुम्ही ठरवलंत ते त्यांच्या वतीने, त्यांच्या शब्दावर. भावाच्या "तू ठरव"ने तुम्हाला एकटं पाडलं असेल, पण बाबांनी तुम्हाला एकटं सोडलं नव्हतं.

आता बिलाचा विचार. हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत, मला सांगितलंत. तुमच्या झोपेला लागलेला काटा मला तरी हाच दिसतो. १९८० साली व्हॅटिकनने दयामरणाविरुद्ध एक जाहीरनामा काढला. दयामरणाला त्यात ठाम नकार आहे. आणि त्याच जाहीरनाम्यात म्हटलंय की कुटुंबावर किंवा समाजावर अवाजवी खर्च पडू नये म्हणून एखादा उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या नव्हे. खर्च हाही ओझ्याचाच भाग आहे, आणि नाकारायला ते एक रास्त कारण धरलं आहे. तुमच्या मनात बिलाचा विचार आला, घर चालवणाऱ्या कुणाच्याही मनात तो येतो. पैसे वाचावेत म्हणून बाबा मरावेत असं तुम्हाला वाटलं असतं, तर मी वेगळं लिहिलं असतं. तुमच्या पत्रात तसं कुठेच नाही.

आणि "यांना घेऊन जा" ही प्रार्थना. मंदिरात बाळ येशूला हातात घेऊन म्हातारा शिमोन काय म्हणाला, आठवा. प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. एलीया संदेष्टा तर झुडपाखाली बसून म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला रागावलं नाही, भाकर आणि पाणी पाठवलं. जीव देवाच्या हाती सोपवणं आणि तो आपल्या हाताने काढून घेणं, यातलं अंतर तुम्हाला त्या रात्रीही कळत होतं. म्हणून तर तुम्ही मागितलंत ते देवाकडे.

मॉर्फिनचं मला जरा सावकाश सांगायचं आहे, कारण आपल्या गावांत "शेवटचं इंजेक्शन" म्हणून त्याची भीती फार आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी लिहिताना म्हटलं की एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक मनात धरलेला आणि दुसरा मनात न धरलेला. पुढे त्यातून दुहेरी परिणामाचं तत्त्व आकाराला आलं. कृती मुळात वाईट नसावी. आपल्याला हवा तो चांगला परिणाम असावा. वाईट परिणामाच्या वाटेने चांगला परिणाम साधलेला नसावा. आणि तेवढा धोका पत्करण्याइतकं कारण मोठं असावं. चारही कसोट्यांवर तुमची गोष्ट पाहा. धापेवर औषध देणं वाईट नाही. तुम्हाला धाप कमी व्हायला हवी होती. धाप कमी झाली ती औषधाने, मरणाने नव्हे. आणि श्वासासाठी तडफडणाऱ्या माणसाला आराम देण्याहून मोठं कारण कोणतं हवं? बारावे पायस यांनी १९५७ च्याच फेब्रुवारीत डॉक्टरांना सांगितलं होतं की दुसरा उपाय नसेल तर वेदना कमी करणारी औषधं, आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी, देता येतात. कॅटेकिझमचा परिच्छेद २२७९ तेच म्हणतो. त्यात भर म्हणजे, योग्य मात्रेतलं मॉर्फिन सहसा मरण लवकर आणतच नाही, असं पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजाऱ्याचा त्रास कमी करणारे, डॉक्टर सांगतात.

मन तरीही ऐकत नसेल, तर स्वतःला एक विचारा. मॉर्फिनने बाबांची धाप बसली असती आणि ते आणखी महिनाभर शांत श्वास घेत खाटेवर राहिले असते, तर तुम्हाला काय वाटलं असतं? औषध फुकट गेलं असं? की देव पावला असं? ज्याला मरण हवं होतं त्याला पहिलं वाटेल. तुम्हाला काय वाटलं असतं हे तुमच्या दोन चमचे पेजेवरून मला कळतं.

पेजेवरून आठवलं, अन्नपाण्याच्या बाबतीत ख्रिस्तसभा जास्त कडक आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. अन्न आणि पाणी, नळीने दिलेलंसुद्धा, हे मुळात साधारण उपायांत येतं. तो उपचार नव्हे, माणसाची काळजी. बरीच वर्षं बेशुद्ध पडलेल्या, पण मरणाच्या दारात नसलेल्या रुग्णाचं अन्नपाणी बंद करता येत नाही, हे व्हॅटिकनने २००७ साली स्पष्ट सांगितलं. मात्र हे बंधन अन्नपाणी शरीराला लागतं आहे तोवरच. शरीर ते घेऊच शकत नसेल, किंवा देण्यानेच मोठा त्रास होत असेल, तर ते उरत नाही. बाबा शेवटच्या दीड-दोन दिवसांत होते आणि गिळणं थांबलं होतं. नळीने त्रासच होईल हे जाणत्या माणसाने सांगितलं. भुकेने बाबा गेले नाहीत. जाताना शरीरानेच अन्न बाजूला ठेवलं.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली दयामरणाविरुद्ध जितक्या कडक शब्दांत लिहिलं तितकं फार थोड्यांनी लिहिलं असेल. २००५ च्या फेब्रुवारीत रोमच्या जेमेल्ली हॉस्पिटलात त्यांच्याही गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चअखेरीस नाकातून नळी घालून अन्न दिलं जात होतं. ते त्यांनी घेतलं. ३१ मार्चला जंतुसंसर्ग रक्तात पसरला. तेव्हा मात्र त्यांना परत जेमेल्लीत नेलं नाही. व्हॅटिकनमधल्या स्वतःच्या खोलीतच उपचार झाले आणि २ एप्रिलच्या रात्री ते गेले. आज आपण त्यांना संत म्हणतो. पुन्हा हॉस्पिटल नको, आपल्या खाटेवर जाऊ द्या, हे तुमच्या बाबांचं मागणं त्याहून काय वेगळं होतं?

आता "मोठं पाप" या शब्दाकडे. हा शब्द आत्याने अंगणात उच्चारला, पण ख्रिस्तसभेत त्याला ठरलेला अर्थ आहे. प्राणघातक पाप घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असावी, आणि तरीही मनापासून, मोकळेपणी होकार दिलेला असावा. कॅटेकिझमचा परिच्छेद १८५७ आहे, आत्याला वाचून दाखवता येईल. असं पाप नकळत अंगाला चिकटत नाही. महिन्याभराने कुणीतरी बोट दाखवलं आणि तेव्हा कुठे "अरे, मी खून केला होता का?" असं कळलं, असं होत नाही. तुमच्या बाबतीत पहिलीच अट लागू होत नाही, पुढच्या दोन तपासायचीही गरज नाही.

मग मन टोचतं का? सदसद्विवेकबुद्धी हे माणसाच्या आतलं मंदिर आहे, तिथे तो देवासोबत एकटा असतो, असं जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने म्हटलं आहे. त्या आवाजाला आपण मान द्यायला शिकलो, म्हणून मन टोचलं की आपल्याला वाटतं, देवच बोलतोय. पण सदसद्विवेकबुद्धी म्हणजे नुसती टोचणी नव्हे, ती विचार करून दिलेला निवाडा असते. तुम्ही त्या रात्री डॉक्टरांचं ऐकलंत, बाबांचं बोलणं आठवलंत, भावाला विचारलंत आणि मग ठरवलंत. तुमच्या सदसद्विवेकबुद्धीने आपलं काम त्या रात्रीच चोख केलं होतं. त्यानंतर जे टोचतंय ते दुःख आहे. वडील गेल्याचं दुःख कधीकधी दोषाचा आवाज घेऊन येतं, कारण "माझ्यामुळे गेले" हे सोसणं काही मनांना "माझ्या हातात काहीच नव्हतं" हे सोसण्याहून सोपं वाटतं. माझी आई गेली तेव्हा मीही वर्षभर हिशेब केला, ती रिक्षा दहा मिनिटं आधी आली असती तर.

संत इग्नेशियस लोयोला हेही १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा गावात अशाच फेऱ्यात अडकले होते. आधीच सांगितलेली पापं पुन्हा पुन्हा कुमसारात सांगायचे, तरी समाधान नाही. शेवटी मागचं पुन्हा सांगायचंच नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं, तेव्हा कुठे ते त्यातून बाहेर आले. तुम्ही त्या वाटेवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून येत्या रविवारी कम्युनियन घ्या. कुमसाराची अट तुमच्यावर नाही. तरी एकदा फादरांकडे जाऊन बसा, शक्यतो ज्यांनी रुग्णाभ्यंग दिला त्यांच्याकडेच. त्यांनी बाबांना पाहिलेलं आहे. "मी खून केला" असं सुरू करू नका. जे झालं ते मला सांगितलं तसं सांगा, बिलासकट आणि प्रार्थनेसकट. इतर काही असेल तर त्याचं पापनिवेदन करा. आणि ते जे म्हणतील ते एकदा ऐकून मग तो विषय बंद करा, दर महिन्याला उघडू नका. झोप तरीही आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. पाच-सहा महिने झोप नसणं हा आजार असू शकतो, त्याचा विश्वासाशी काही संबंध नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असे उपचार नाकारण्याचा आणि तशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन पुरतं. वर सांगितलेल्या मर्यादा पाळून कॅथलिक माणसाने असा कागद करण्यात काही गैर नाही. आपल्या घरी हे बोलून, लिहून ठेवा, म्हणजे मुलीवर एकटीवर ही वेळ येणार नाही.

राहिली आत्या. तिने जे केलं ते चुकीचंच होतं, अंगणात आणि चारचौघांत तर फारच. पण एक लक्षात घ्या, पत्र वाचून वाटतं, ती त्या तीन दिवसांत तिथे नव्हती. डॉक्टर काय म्हणाले ते तिने ऐकलं नाही, मास्क लावला की बाबा कसे तळमळायचे ते पाहिलं नाही. तिच्यापाशी आहे तो लहानपणापासूनचा भाऊ आणि "नळी काढली" एवढी ऐकीव गोष्ट. तिच्याशी वाद जिंकायला जाऊ नका, मी दिलेले परिच्छेदही खिशातच असू द्या, तिने विचारलं तरच काढा. भाऊ सुट्टीवर येईल तेव्हा त्याला सोबत घ्या, त्याचंही यात देणं आहे. तिच्या ओटीवर बसून तिला ते तीन दिवस पहिल्यापासून सांगा. बाबा काय म्हणाले होते, घरी आणताना वाडी दिसली तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता, रोझरीच्या वेळी ओठ हलत होते का, पेज कुणी भरवली, पहाटे खोलीत कोण होतं. हे ऐकायचा तिलाही हक्क आहे, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नाही. ती रडेल, कदाचित पुन्हा ओरडेल. ओरडली तर उठून या, आणि महिन्याभराने पुन्हा जा. फेब्रुवारीत बाबांच्या वर्षाची मिस्सा असेल. त्यात बायबलचं पहिलं वाचन करशील का, असं तिला आताच विचारून ठेवा.